नऊ तारखेची तपासणी

तोंडावर तिला सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की घंटाबाई. हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. जिनं सव्वीस वर्षं लोकांच्या इमारतींत शिरून भोंगे वाजवले, तिला लोक दुसरं काय म्हणणार?

दहावी झाल्यावर ती एका कारखान्यात लागली होती. आग लागली की भोंगा वाजवणाऱ्या यंत्रणेची पॅनेलं तिथं तयार होत. जिन्याजवळ भिंतीवर ती लाल पेटी असते ना, तिच्या आतल्या पट्ट्यांवर सोल्डरिंग करायचं काम. पाच वर्षं मान खाली घालून ते केलं. मग एकदा एका दवाखान्यातलं पॅनेल बंद पडलं आणि नेमका तंत्रज्ञ तापानं फणफणलेला. कुणीच मिळेना म्हणून हिलाच पिटाळलं. हिनं तासाभरात ते चालू केलं आणि परत येताना मनाशी ठरवून टाकलं, आता स्टुलावर बसून दिवस काढायचे नाहीत.

तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. तीन महिन्यांचा वर्ग, एक लेखी पेपर, एक प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात एका मोठ्या फळीवर सगळी यंत्रणा मांडलेली असते, परीक्षकानं तिच्यात मुद्दाम दोष दडवलेले असतात आणि ते हुडकून काढायचे असतात. पास झालं की प्रमाणपत्र मिळतं, तेही तीनच वर्षांपुरतं. पुढं परत परीक्षा. वर्गात एकवीस पुरुष आणि ही एकटी. परीक्षकानं चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "बाई, शिडीवर चढाल का?"

"चढते की," ही म्हणाली होती. "खालून तुम्ही धरणार ना?"

सगळा वर्ग हसला, परीक्षकही हसला, आणि पाचही दोष हिनं वेळेआधी काढून दाखवले. नवऱ्यानं ते प्रमाणपत्र चौकटीत घालून घड्याळाशेजारी टांगलं. "किती वाजले बघायला गेलो की बायकोच दिसते," असं तो आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा.

पुढं गुडघे कुरकुरायला लागले तशी ती त्याच प्रशिक्षण केंद्रात शिकवायला आली. गेल्या आठ वर्षांत तिच्या हाताखालून दोनशेच्या वर तंत्रज्ञ तयार झाले. शिकवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि तिथंच, सगळ्यांना हसवत हसवत, ती एक वाईट सवय शिकवत होती.

छतावर पांढऱ्या वाटीसारखा दिसतो तो धुराचा डिटेक्टर. वर्षातून एकदा प्रत्येक डिटेक्टरची तपासणी करायची असते. नियम असा, की लांब दांड्याच्या टोकाला धुराच्या फवाऱ्याचा डबा लावायचा, डिटेक्टरवर धूर सोडायचा आणि भोंगा वाजतो का ते पाहायचं. मग तो धूर जाईपर्यंत थांबायचं आणि पुढच्याकडे वळायचं. एका इमारतीत अख्खी सकाळ जाते. पण डिटेक्टरच्या कडेला नुसतं लोहचुंबक धरलं तरीही भोंगा वाजतो. धूर नको, थांबणं नको. तासाभरात मोकळं. चुंबकानं एवढंच कळतं की आतली वायर आणि दिवा ठीक आहेत. धूर आत शिरतो की नाही, हे चुंबकाला काय कळणार! तरी कामावर सगळे चुंबकच वापरत. घंटाबाई वर्गात म्हणायची, "परीक्षेत फवारा, कामावर चुंबक. आणि मी असं म्हणाले हे कुणाला सांगू नका." पोरं, बाप्ये, सगळे खिदळायचे आणि नेमकं तेवढंच वाक्य लक्षात ठेवायचे.

केंद्रात माणसं कमी, म्हणून काही इमारतींच्या वार्षिक तपासण्या तिच्याकडेच होत्या. त्यातला एक दोन मजली वृद्धाश्रम. तिथली तपासणी एक तारखेला करायची होती. त्या आठवड्यात केंद्रात परीक्षा होत्या, तिला जमलं नाही. नऊ तारखेला ती गेली. व्यवस्थापक दारातच हात जोडून उभा.

"मॅडम, कागदावर एक तारीखच टाका हो. नाहीतर आमच्या फायलीत आठ दिवसांचं भगदाड दिसेल. तपासणारे आले की मलाच फाडून खातील."

हे काही नवीन नव्हतं. सगळेच असं करायचे. तपासणी झाल्याशी कारण, तारखेचं काय एवढं! तिनं छत्तीस डिटेक्टरांना चुंबक लावलं. छत्तीसही वाजले. कागदावर 'धुराने तपासले, ठीक' असं लिहिलं, एक तारीख टाकली, सही केली.

आता यात तिचा धाकटा दीर कुठं आला, ते सांगायला हवं. दीर रंगारी. एकाच घरात, वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको, खाली ही दोघं. त्याच वृद्धाश्रमाचा वरचा मजला रंगवायचं काम त्याला मिळालं होतं, पाच ते सात तारखेपर्यंत. जायच्या आधी त्यानं तिलाच विचारलं होतं, "वहिनी, छतावर तुमच्या त्या वाट्या आहेत, त्यांवर रंग उडू नये म्हणून काय करू?" तिनं आपल्या पेटीतून प्लास्टिकच्या चौदा टोप्या काढून दिल्या. डिटेक्टर नवा येतो तेव्हा त्यावर असतात, त्या. पांढऱ्याच. "काढायला विसरू नका बरं भावजी, टोपी असली की धूर आत जात नाही." "वहिनी, मी काय लहान आहे का?"

त्यानं अकरा काढल्या. शेवटच्या तीन, चादरींच्या खोलीबाहेरच्या, राहून गेल्या. तोवर परांची सोडली होती आणि खाली टेम्पोवाला भोंगा बडवत होता. दोन दिवसांनी ती तिथूनच चुंबक फिरवत गेली. नुकत्या रंगवलेल्या पांढऱ्या छतावर पांढऱ्या टोप्या, आणि हिचा चष्मा वाचायचा. चुंबकाला प्लास्टिकचं काही वाटत नाही. तिन्ही वाजले. फवारा मारला असता तर तिन्ही मुके राहिले असते, आणि तिथल्या तिथं कळलं असतं.

दोन महिन्यांनी दुपारी, सगळे म्हातारे पडलेले असताना, चादरींच्या खोलीत वायर तापली. जाळ झालाच नाही, चादरी नुसत्या धुमसत राहिल्या. धूर बोळाच्या त्या टोकाला भरला, लगतच्या खोल्यांत शिरला. त्या टोकाला डिटेक्टर तेच तीन, तिन्ही टोप्यांखाली. भोंगा वाजला नाही. तिथं एक आया होती, सगळे तिला मावशी म्हणत. वास आला म्हणून ती वर धावली आणि चार म्हाताऱ्या माणसांना एकेक करून ओढत खाली आणलं. चौघं वाचली. मावशीची छाती मात्र गेली. आता तिला दहा पावलं टाकली तरी दम लागायचा. काम सुटलं.

चौकशी झाली. छतावर तीन टोप्या सापडल्या. तपासणीचा कागद एक तारखेचा, रंगकाम पाच ते सातचं. म्हणजे तपासणी आधी झाली, टोप्या नंतर बसल्या, आणि रंगाऱ्यानं काढल्या नाहीत. दोन अधिक दोन चार, इतकं सरळ. समितीनं विचारलं तेव्हा दीर मान खाली घालून म्हणाला, "हो, मीच विसरलो." तिची सही आणि कागद तर चोख होता. व्यवस्थापकानं बाहेर आल्यावर तिला बाजूला घेतलं. "ते तारखेचं आपल्यातच राहू द्या, मॅडम. आता बोलून कुणाचं भलं होणार आहे?" तिथं ती पहिल्यांदा गप्प बसली. पुढं रोजच बसत गेली.

दिराला कुणी कामावर घेईना. त्यानं ब्रश वाटून टाकले आणि बाजारात हमाली धरली. दर रविवारी मात्र तो मावशीच्या घरी जायचा. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवून द्यायचा, औषधं आणायचा, रेशन आणायचा. कुणी सांगितलं नव्हतं. "माझ्यामुळं झालंय ना," एवढंच म्हणायचा.

आणि ही? ही त्याच्या घरी रोज डबा भरून पाठवायला लागली. भाजी जरा जास्त, तूप जरा जास्त. नवरा म्हणाला, "काय गं, दिराचे एवढे लाड आधी नव्हते!" ती म्हणाली, "बिचाऱ्याचे दिवस वाईट आहेत हो." ते बोलताना स्वतःच्याच आवाजाची तिला किळस आली. सकाळी देवापुढं हात जोडायची तिची जुनी सवय. सगळ्यांना सुखी ठेव, एवढंच म्हणून ती चपला घालायची. आता हात जोडले की पुढचं काही सुचेना. सुखी ठेव म्हणावं तर कुणाला, आणि कुठल्या तोंडानं? नुसतेच जोडलेले हात खाली घ्यायची आणि निघायची.

असे चार महिने गेले. मग केंद्राच्या साहेबांनी नव्या वर्गाच्या अभ्यासात ती घटना घातली. आपल्याच गावातलं उदाहरण, पोरांच्या डोक्यात पक्कं बसेल, असं त्यांचं म्हणणं. धडा शिकवायचा होता तिनंच. शिकवला. फळ्याकडं तोंड करून शिकवला. आणि लेखी पेपरात प्रश्नही आला: 'वृद्धाश्रमातील दुर्घटनेस कोण जबाबदार? कारण द्या.'

एकतीस पेपर. शिक्षकांच्या खोलीत लाल पेन घेऊन ती तपासायला बसली. पहिला, रंगारी. बरोबरची खूण. दुसरा, रंगारी. खूण. तिसऱ्यानं छान आकृती काढून टोपी दाखवली होती आणि बाण काढून लिहिलं होतं, रंगारी. खूण. असे सात झाले. आठवा एका माजी बस-कंडक्टरचा. चांगला माणूस, सगळ्यांत मन लावून शिकणारा, मॅडम मॅडम करत मागं फिरणारा. त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'रंगारी. अशा बेफिकीर माणसांना इमारतीत पाऊलही टाकू देऊ नये. तपासणी तंत्रज्ञाने चोख केली होती, म्हणून तंत्रज्ञावर ठपका येत नाही.'

नमुना उत्तराप्रमाणे पैकीच्या पैकी गुण.

पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. लाल शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "मॅडम, पेन गळतंय तुमचं." ती उठली. कपाटातून कोरा कागद घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. तपासणी नऊ तारखेला केली. चुंबकानं केली. कागदावर एक तारीख टाकली. खाली सही.

साहेब फोनवर होते. त्यांनी खुर्चीकडं हात केला. ती बसली नाही.

"काय मॅडम, पेपर झाले?"

"सात झाले. पुढचे मला तपासता येणार नाहीत." तिनं कागद पुढं केला.

त्यांनी वाचला. उठून दार लावून घेतलं. परत वाचला. "हा कागद तुम्ही मला दिलाच नाही, असं समजू या का?" ते हळूच म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. तिला वाचवायलाच बघत होता.

"नको, साहेब."

"प्रमाणपत्र जाईल तुमचं. ही नोकरी जाईल. उद्या परत यावंसं वाटलं तरी नव्या पोरांबरोबर पहिल्यापासून बसावं लागेल."

"कळतंय."

"मग सहा महिने काय केलंत?"

साहेबांनी कागदाची घडी घातली. मग त्यांना आणखी काहीतरी सुचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, तुमच्या हाताखालून गेलेले ते दोनशे जण... ते फवारा मारतात की चुंबक लावतात?"

"चुंबक," ती म्हणाली.

साहेबांनी कपाळ दोन्ही हातांत धरलं.

सांगून टाकलं की हलकं वाटतं, असं ती ऐकत आली होती. बाहेर पडल्यावर तिनं जिन्यात थांबून पाहिलं. काही हलकं वगैरे वाटलं नाही. अजून घरी सांगायचं होतं.

दीर वरच्या सज्जात स्टुलावर बसून चपलेचा पट्टा शिवत होता. "या वहिनी," तो म्हणाला. "आज लवकर?" तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. मधे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं. त्यानं सुई पट्ट्यात तशीच ठेवली.

"नऊला?"

"हो."

"म्हणजे मी गेल्यावर."

"हो."

"आणि माझ्या टोप्या पकडायला तुम्ही होतात."

"मीच होते, भावजी."

त्यानं चप्पल स्टुलाखाली सरकवली. मग म्हणाला, "समितीपुढं उभं केलं मला, तेव्हा तुम्ही शेजारच्या खुर्चीत होतात, वहिनी. घसा कोरडा पडला तर तुम्ही मला पाणी दिलंत."

आतून धाकटी जाऊ दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "तरीच म्हटलं, ताईंच्या डब्यात एवढं तूप कुठून यायला लागलं," ती म्हणाली. मग डोळ्यांना पदर लावून आत निघून गेली. तो टोमणा घंटाबाईनं अंगावर घेतला. तो घ्यायलाच हवा होता.

"भावजी, मी लिहून दिलंय. समितीला कळवतील. तुमचं नाव..."

"नावाचं राहू द्या," दीर म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "रविवारी मावशींकडं यायचं. माझ्याबरोबर. आणि त्यांना तुमच्या तोंडानं सांगायचं. मी सांगणार नाही."

रविवारी ती गेली. तीन मजले. तिचे गुडघे आणि त्याच्या दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. तो पुढं, ती मागं. मावशीची एकच खोली, खिडकीशी खाट, खाटेवर वाफ घ्यायचं यंत्र. मावशी तीन शब्द बोलून थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढचे तीन. तिला वाटलं, दिराची वहिनी भेटायला आली. "बसा बसा," म्हणाली, "याच्यासारखा माणूस... मिळायचा नाही." दीर पिंपात पाणी ओतत होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

घंटाबाईनं सांगितलं. या वेळी दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. चुंबक म्हणजे काय, फवारा म्हणजे काय, हेही सांगावं लागलं, कारण मावशीनं विचारलं. त्या बाईनं सगळं नीट समजून घेतलं.

"मग हा एवढे महिने... माझी पोती का वाहतोय?"

"त्यांना वाटत होतं, सगळं त्यांच्याचमुळं झालं."

मावशी दिराकडं वळली. "चल, तुझं निम्मं... उतरलं म्हणायचं."

"निम्मं नाही, मावशी," तो पिंपाचं झाकण लावत म्हणाला. "टोप्या मीच विसरलो. ते होतं तेवढंच आहे. वहिनींचं ते वेगळं."

घंटाबाईनं हात जोडले. माफी मागायला तोंड उघडलं. मावशीनं हात वर करून थांबवलं. "नको. माफ केलं म्हणायला... नाही म्हणायला... दोन्हीला खोकला येतो." आणि खरंच तिला ढास लागली. ती संपेपर्यंत दोघं दोन बाजूंना उभी होती. दिरानं पाण्याचा पेला पुढं केला. खोकला थांबल्यावर मावशीनं डोळे पुसले आणि अगदी वेगळंच विचारलं.

"माझी म्हातारी माणसं... अजून तिथंच झोपतात. वर आता कोण बघतंय?"

"उद्या सकाळी दुसरे तंत्रज्ञ जाणार आहेत. प्रत्येक डिटेक्टरला फवारा मारणार. मी लिहून दिलंय."

"तुम्ही नाही?"

"मला आता हात लावता येत नाही, मावशी. मी प्रमाणपत्र जमा केलं."

मावशीनं मान हलवली. खिडकीतून बाहेर बघत तिनं चौघांची नावं घेतली, त्यातल्या कुणाला कमी ऐकू येतं तेही सांगितलं. त्या आजोबांच्या खोलीत भोंगा मोठा हवा म्हणाली. घंटाबाईनं पिशवीतून कागद काढून ते उतरवून घेतलं.

निघताना दीर म्हणाला, "मावशी, पुढच्या रविवारी येतोच."

"येशील रे, मला काय माहीत नाही?"

खाली उतरल्यावर तो भराभर चालायला लागला. तिचे गुडघे जिन्यानं धरले होते, तिला त्याच्या चालीनं जमेना. अंतर वाढत गेलं. तिनं हाक मारली नाही, मारायचा हक्क आहे असं तिला वाटलं नाही. चौकाशी तो थांबला. गाड्या जात होत्या, मग थांबल्या, माणसं पलीकडं गेली. तो तिथंच उभा, तिच्याकडं पाठ करून. ती धापा टाकत शेजारी येऊन पोचली.

"जेवायला याल ना खाली?" तिनं विचारलं.

"बघतो," तो म्हणाला, आणि रस्ता ओलांडायला लागला. या वेळी जरा सावकाश.